पहिला डोळा कोणी बांधायचा

आमच्या सासरी पांढऱ्या केसांचा तोरा होता. दुसऱ्या घरी डोक्यात पहिला पांढरा केस दिसला की माणूस आरशासमोर उभं राहून तो उपटतो. आमच्याकडे त्या दिवशी गूळ वाटत. चांदूर बाजारच्या अलीकडे आमची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. तिथे येणारे बागायतदार आमचं नाव घेत नाहीत, पांढऱ्या डोक्याच्या माळ्याकडची कलमं द्या म्हणतात. माझे सासरे रामराव तिशीत पांढरे झाले, माझे मालक खुशालराव पंचविशीतच. मी धामणगाव रेल्वे या गावची, आणि पन्नाशी जवळ आली तरी माझं डोकं काळंभोर आहे. लग्न झाल्यापासून मला त्याबद्दल इतके टोमणे ऐकावे लागले, की जणू हे केस मी माहेरातून चोरूनच आणले होते.

संत्र्याचं झाड बी लावून करत नाहीत. जंबेरी लिंबाच्या रोपाच्या सालीला चाकूने चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट उचलून त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. डोळ्याने जीव धरला की आम्ही नुसतं 'धरला' म्हणतो. मग वरची जंबेरी छाटायची; मुळं तिची, पण पुढचं सगळं झाड त्या डोळ्याचं. दिवाळी आटोपली की हे काम सुरू होतं. हंगामातला पहिला डोळा घरातल्या सगळ्यात लहान पांढऱ्या डोक्याने बांधायचा, असा आमच्याकडे रिवाज. माझी मोठी नणंद गोदाबाई त्या माणसाला कुंकू लावते, रामरावांचा चाकू त्याच्या हाती देते, आणि आलेली चार माणसं बघत उभी असतात.

माझी गीतांजली बाराव्या वर्षी पांढरी झाली. गोदाबाईंनी अख्ख्या गावात गूळ वाटला. एवढ्या लहान वयात हा मान घराण्यात कोणाला मिळाला नव्हता, आणि पोरीचा हातही असा की तिने बांधलेला डोळा सहसा वाया जात नसे. तिचा मोठा भाऊ गोपाल मात्र माझ्यावर गेलेला. दरवर्षी तो बहिणीच्या बाजूला फांद्यांची टोपली धरून उभा राहायचा आणि दरवर्षी कोणीतरी त्याच्या काळ्या डोक्यावर टपली मारून विचारायचं, हा पाहुणा कुठला? तो हसायचा. मी हसत नसे. घरात काळं डोकं असलेली आम्ही दोघंच, त्यामुळे मला त्याचा राग समजत होता.

पुढे गोपाल अकोल्याला बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला लागला, आणि एका दिवाळीला घरी आला तो डोकं पांढरं करून. भुवया तेवढ्या काळ्या होत्या, पण तिकडे बघतो कोण! गोदाबाईंनी त्याला पाटावर बसवून ओवाळलं. यांनी चारचौघांत त्याच्या खांद्यावर हात ठेवून, "आता शोभला माहा पोरगा," म्हटलं. त्या वर्षी नव्याने पांढरा झालेला तो, म्हणून गीतांजलीने हौसेने आपला मान त्याला दिला आणि पहिला डोळा गोपालने बांधला. मला थोडं वाईट वाटलं, काळ्यांच्या पक्षात मी एकटीच उरले होते.

त्यानंतरच्या पावसाळ्यात गीतांजली आजारी पडली. ती अमरावतीला कॉलेजात शिकायची. आधी थकवा, मग अंगावर निळे डाग, मग एके दिवशी दात घासताना रक्त सुरू झालं ते थांबेना. अमरावतीच्या दवाखान्यात रक्त तपासलं तर त्यात लाल पेशी, पांढऱ्या पेशी, रक्त थांबवणाऱ्या पेशी, सगळंच कमी. रक्ताच्या डॉक्टर प्रतीक्षाबाई मूळ अकोल्याच्या, वयाने तरुण, बोलायला गोड, पण कामात कडक. त्यांनी पोरीची चिरलेली नखं पाहिली, जिभेवरचा पांढरा चट्टा पाहिला, मानेवरची जाळीसारखी काळसर त्वचा पाहिली आणि आम्हाला विचारलं, घरात आणखी कोणाचे केस लवकर पांढरे झाले होते का?

झालं! गोदाबाईंना हेच पाहिजे होतं. त्या खुर्ची पुढे ओढून सुरू झाल्या. आजोबा चाळिशीत, रामराव तिशीत, खुशाल पंचविशीत, त्या स्वतः विशीत, गोपाल बाविसाव्या वर्षी आणि ही पोरगी बाराव्या वर्षी. दर पिढीला आमचा मान लवकर येतो, असं त्या छाती फुगवून म्हणाल्या. डॉक्टरबाई कागदावर माणसांचे चौकोन आणि बायकांची वर्तुळं काढत होत्या. पांढऱ्या डोक्याचं माणूस सांगितलं की त्या त्याचा चौकोन किंवा वर्तुळ काळं करायच्या. मग त्यांनी विचारलं, ही माणसं गेली कशाने? रामराव पन्नाशीच्या आत दम लागून गेले होते, आम्ही ते फवारणीवर ढकललं होतं. त्यांचा भाऊ यकृताच्या आजाराने गेला, दारूचा थेंबही न घेता. गोदाबाईंचा आवाज हळूहळू बारीक झाला. ज्या माणसांची नावं आम्ही मिरवत होतो, तीच सगळी लवकर गेली होती, आणि हे आम्ही कधी एकापुढे एक ठेवून पाहिलंच नव्हतं.

डॉक्टरबाईंनी मग समजावून सांगितलं. नुसते केस लवकर पांढरे झाले म्हणजे आजार नव्हे, पुष्कळांचे होतात. पण या सगळ्या खुणा एका घरात एकत्र आल्या की गोष्ट वेगळी. प्रत्येक पेशीत आपल्या जडणघडणीचा लांब धागा असतो, डीएनए. तो रोज कुठे ना कुठे तुटतो आणि दुरुस्ती करणारी प्रथिनं तो सांधत राहतात. धाग्याला शेवटी टोक असतं, त्याला टेलोमिअर म्हणतात. हे टोकसुद्धा दुरुस्तीवाल्यांना तुटल्यासारखंच दिसू शकतं. त्यांनी तिथे हात घातला तर नसत्या जागी जोड बसतील. म्हणून टोक मागे वळवून आत खोचलेलं असतं. एका पेशीच्या दोन पेशी व्हायची वेळ आली की ती खोच अलगद सोडवावी लागते, आणि हे काम दुरुस्तीवाल्यांतलंच एक प्रथिन करतं. तुमच्या घरात नेमकं तेच बिघडलं असावं, त्या म्हणाल्या. मग खोच सुटायच्या ऐवजी कापलीच जाते, टोकाचा मोठा तुकडा जातो आणि धागा आखूड होतो. आईबापांकडून लेकरांना आखूड टोकं मिळतात, म्हणून दर पिढीत आजार लवकर येतो.

मला ते लगेच उमगलं, कारण माझं निम्मं आयुष्य पट्ट्या बांधण्यात गेलंय. डोळ्यावर पट्टी गुंडाळली की शेवटी गाठ मारत नाहीत, टोक आधीच्या वेढ्याखाली खोचतात. सोडताना ते बोटाने अलगद ओढून काढायचं. घाईघाईने चाकू घालणाऱ्या माणसाला आम्ही रोपांजवळ उभं करत नाही. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या कोणीतरी आतून चाकू घालत होतं आणि आम्ही बाहेर गूळ वाटत होतो. असा संताप आला, पण तो काढायचा कोणावर?

उपाय एकच होता. हाडांतल्या ज्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, रक्त तयार होतं, तो कोणाचा तरी चांगला मगज गीतांजलीला द्यायचा. सख्ख्या भावाचा जुळला तर सगळ्यात उत्तम. पण ज्याच्यात हाच दोष आहे त्याचा मगज घेऊन उपयोग नाही. तो पोरीच्या अंगात टिकणार नाही आणि पोरही हातची जाईल. यांनी लगेच सांगितलं, आमच्यातला एकही सुटलेला नाही, पोरगाही पांढरा आहे. बाई म्हणाल्या, तरी त्याचं रक्त तपासू. यांनी साफ नकार दिला. आमच्या डोक्यावर लिहिलं हाय, ते कागदावर काहून लिहून घ्यायचं, असं म्हणून हे उठून बाहेर गेले. घराण्याचा मान एका दुपारीत आजार झाला होता आणि त्यांना तो पचत नव्हता. गोपाल त्या दिवशी अकोल्याला होता, त्याच्या कानावर यातलं काहीच गेलं नाही. त्याचं डोकं मीही पाहिलं होतं, म्हणून मीही हट्ट धरला नाही. बाईंनी देशभरच्या दात्यांच्या यादीत शोध घेतला. कोणी जुळलं नाही, आणि गीतांजलीला आता आठवड्याला रक्त चढवावं लागत होतं.

गोपाल रजा टाकून आला आणि दवाखान्यातच राहिला. बडनेऱ्याला गाडीतून उतरल्यापासून त्याने टोपी काढली नव्हती. रक्ताच्या पिशव्या आणणं, बहिणीला भरवणं, तिला हसवणं, सगळं तोच करायचा. यांना तो विषय खपत नसे, म्हणून तपासणीचं त्याच्यापुढे कोणी काढलंच नाही, आणि असे बरेच दिवस गेले. एका दुपारी दवाखान्याच्या पायऱ्यांवर तो भाकर खायला बसला, उकडत होतं म्हणून टोपी बाजूला ठेवली आणि डब्यावर वाकला. मी वरच्या पायरीवर पाण्याची बाटली घेऊन उभी होते. त्याच्या पांढऱ्या केसांच्या मुळाशी बोटभर काळं उगवलेलं होतं.

क्षणभर मला वाटलं, देव पावला, पोराचे केस परत काळे व्हायला लागले. इतका आनंद झाला की बाटली हातातून सुटली. मग डोकं ताळ्यावर आलं. पांढऱ्याचं असं रेघ आखल्यासारखं काळं होत नसतं. मी त्याच्या केसांत बोटं घातली तसा तो दचकला आणि टोपी चाचपू लागला.

"कुठून केलं हे?" मी विचारलं.

"अकोल्याले. सलूनमधून."

"काहून?"

"मले एकदा पहिला डोळा बांधायचा होता, आई. टोपली धरून धरून कटायलो होतो."

मी त्याला असं फैलावर घेतलं की पायऱ्यांवरची माणसं वळून बघायला लागली. आणि रागावता रागावताच रडू आलं. माझ्या पोराला आपल्याच घरात घरचा व्हायला डोक्याला ते आगजाळ औषध लावावं लागलं होतं. मग मी त्याला डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. तो ऐकत होता, आणि भाकर तशीच हातात राहिली. संपूर्ण ऐकल्यावर त्याने डबा बंद केला आणि बाबा कुठे आहेत एवढंच विचारलं.

हे आणि गोदाबाई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. मला वाटलं होतं, गोपाल गुपचूप रक्त देऊन येईल, यांच्यापर्यंत गोष्ट नंतर नेऊ. पण तो सरळ बापासमोर जाऊन उभा राहिला, टोपी काढली आणि मान खाली घालून डोकं पुढे केलं.

"पाहा बाबा. म्या रंगवले होते. माहे काळेच हायेत."

यांचा चेहरा उतरला. चारचौघांत ज्याच्या खांद्यावर हात ठेवला तो मान खोटा निघाला होता. "तू मले फसवलं," ते म्हणाले.

"फसवलं. घरी गेल्यावर काय मारायचं ते मारा. आता माहं रक्त घ्या म्हना."

मला भीती वाटली की आता हे नाही म्हणाले तर मी दवाखान्यातच यांच्याशी भांडण करणार. पण आधी गोदाबाई उठल्या. त्यांनी पोराचं डोकं दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं आणि केस बाजूला सारून सारून पाहिले, जशा त्या रोपाची साल पाहतात. काळ्या केसांना ज्या बाईने जन्मभर नाक मुरडलं, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"काळं हाय, खुशाल," त्या म्हणाल्या. "मुळापासून काळं हाय. जाऊ दे त्याले."

हे उठले आणि गोपालच्या पुढे चालत डॉक्टरबाईंच्या खोलीकडे निघाले. त्या दिवशी मला हा माणूस आवडला. हरलेला माणूस पुढे होऊन दार उघडतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

डॉक्टरबाईंनी आम्हाला हरखू दिलं नाही. काळ्या केसांवरून काही ठरत नाही, त्या म्हणाल्या. दोष असूनही केस काळे असू शकतात. दोष नसला तरी मगज जुळेलच असं नाही, आणि दोष नसून टोकं आखूड असली तरी पंचाईत. तिन्ही गोष्टी तपासायच्या होत्या. नमुने बाहेरगावी गेले आणि आमचे ते दिवस कसे गेले ते आम्हालाच ठाऊक. गीतांजलीला आम्ही सगळं सांगितलं होतं. भावाच्या डोक्याची ती अर्धी काळी अर्धी पांढरी बाग बघून ती आजारातही पोट धरून हसली. मग त्याला जवळ बोलावून म्हणाली, येड्या, मले मागतला असता तं तो चाकू तुले कधीच देल्ला असता.

निकाल आला तेव्हा बाईंनी आम्हाला वर बोलावलं नाही, त्या स्वतः जिना उतरून खाली आल्या. गोपालचं ते प्रथिन ठीक होतं, टोकं पुरेशी लांब होती, आणि त्याचा मगज बहिणीशी पूर्ण जुळत होता. मी पोराकडे पाहिलं. तो टोपीशी चाळा करत होता. मी त्या गर्दीत मोठ्याने सांगितलं की हा माझा पोरगा आहे.

पुढचं नागपूरला झालं. अशा पेशंटना कडक औषधं सोसत नाहीत, म्हणून मगजाची जागा मोकळी करायला तिथल्या डॉक्टरांनी सौम्य औषधं दिली. गोपालच्या कमरेच्या हाडातून मगज काढला आणि रक्तासारखाच नळीने पोरीला चढवला. मग वाट बघणं. काचेच्या पलीकडे ती, अलीकडे आम्ही. हे रोज सकाळी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायचे, धरलं का? पहिल्यांदा डॉक्टरांना कळेना की हा माणूस काय विचारतोय. नंतर तेही आमच्या भाषेत उत्तर देऊ लागले, अजून नाही, दम धरा. आणि एका सकाळी ते फाईल मिटून म्हणाले, "धरलं, खुशालराव."

प्रतीक्षाबाईंनी पुढचंही स्पष्ट सांगून ठेवलंय. रक्त भावाचं झालं, बाकी शरीर तेच आहे. फुप्फुसं, यकृत यांच्यावर कायम नजर ठेवावी लागेल. केसही पांढरेच उगवतील. यांनी त्यानंतर आपण होऊन स्वतःचं रक्त दिलं, गोदाबाईंनाही द्यायला लावलं. दोघांतही दोष निघाला. यांचा जुना कोरडा खोकला आता आम्ही फवारणीवर ढकलत नाही. यांनी तंबाखू सोडली, फवारणी दुसऱ्याकडे दिली आणि ठरल्या वेळी छाती दाखवायला अमरावतीला जातात. नातेवाइकांनाही स्वतः फोन करून सांगतात की लपवू नका, तपासून घ्या. हे सांगताना त्यांचा आवाज पूर्वी पांढऱ्या केसांबद्दल सांगताना असायचा तसाच खणखणीत असतो.

औंदा दिवाळीनंतर पहिल्या डोळ्याचा दिवस आला. शिरजगावकडचे, अचलपूरकडचे बागायतदार जमले होते. गीतांजली तोंडाला मास्क लावून उभी होती, डोक्यावर आखूड पांढरे केस. शेजारी गोपाल, टोपीशिवाय, काळ्याभोर डोक्याने, सवयीने टोपली घेऊन. गोदाबाईंनी कुंकवाची वाटी घेतली आणि रिवाजाप्रमाणे गीतांजलीकडे वळल्या. यांनी मधेच हात आडवा केला. वाटीतलं कुंकू स्वतः बोटावर घेऊन गोपालच्या कपाळाला लावलं, रामरावांचा चाकू त्याच्या हातात दिला आणि टोपली त्याच्याकडून काढून स्वतः धरली.

जमलेल्यांत कुजबुज झाली. एक म्हातारे बागायतदार, पहिल्यांदाच आलेले, पुढे होऊन म्हणाले, "खुशालराव, हा पोरगा कोन? तुमच्यातला दिसत नाई. याच्या हातचा डोळा धरन का?"

मी तोंड उघडणारच होते, पण हे आधी बोलले.

"माहा पोरगा हाय," हे म्हणाले आणि गीतांजलीकडे बोट दाखवलं. "ते पाहा, तिथं त्यानंच बांधला हाय. धरला."